अल्पपरिचित कारखान्याची जेट-नौका



धाराशिव जिल्ह्यांत बसून जेट-नौकेविषयीं भाषण करणें म्हणजे माळरानावर जहाज बांधण्यासारखें आहे, असें कोणास वाटलें तर त्याला मी दोष देणार नाहीं. ज्या जिल्ह्यानें १९७२ चा दुष्काळ भोगला, २०१६ सालीं शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी येतांना पाहिलें, त्याला नौकेचें अगत्य तें काय? परंतु सप्टेंबर २०२५ मध्यें परंडा-भूम भागांतील गांवें पुरानें वेढलीं. माणसांना सोडविण्याकरितां बचावपथकें आणि हेलिकॉप्टर आणावे लागले. त्या दिवसापासून हा प्रश्न हौसेचा राहिला नाहीं. शिवाय माकणीचें निम्न तेरणा धरण आहे, सीना-कोळेगांवचा जलाशय आहे. नौका घेण्याचा विचार आज ना उद्यां कोणी तरी करणारच, आणि जी स्वस्त मिळेल ती बहुधा कोणी नांव न ऐकलेल्या कारखान्याची असेल. ती घ्यावी कीं नाहीं, आणि घेतल्यास कशी सांभाळावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

जेट-नौका समजण्यास विहिरीवरचा पंप पुरेसा आहे. पंप पाणी एकीकडे फेकतो, तेव्हां त्याला स्वतःला उलट दिशेनें रेटा बसतो. तो फरशीला बोल्टांनीं जखडलेला असल्यामुळें हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. तोच पंप होडीच्या तळाशीं बसवा, म्हणजे पाणी मागें जाईल आणि होडी पुढें. तळाच्या जाळींतून पाणी आंत येतें, इंपेलर त्याला रेटतो, त्याच्या मागच्या स्थिर पात्या पाण्याचा पीळ काढतात, आणि निमुळत्या तोंडांतून झोत वेगानें बाहेर पडतो. तें तोंड वळविलें कीं होडी वळते. झोताआड वाटीसारखी झडप उतरविली कीं झोत उलटून होडी मागें येते. तळाखालीं फिरतें पातें लोंबत नाहीं, म्हणून ही नौका उथळ पाण्यांत चालते, आणि पाण्यांत पडलेल्या माणसाला उघड्या पात्याचें भय राहत नाहीं.

न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन यांनीं १९५४ च्या सुमारास आपल्याकडच्या उथळ, दगडाळ नद्यांकरितां ही युक्ति व्यवहारांत आणली. एडमंड हिलरी यांनीं १९७७ सालीं गंगासागराहून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध जी मोहीम नेली, तींतील नौका ह्याच जातीच्या होत्या. नंदप्रयागाजवळच्या धबधब्यानें त्यांना थांबविलें. हॅमिल्टनचें नांव ह्या धंद्यांत सर्वांत मोठें आहे. पण लहान नांवेंही आहेत, आणि तीं पाहतांना एक मौजेची गोष्ट आढळते. कॅलिफोर्नियांतील बर्कले कंपनी शेतीचे पंप करणारी होती. जाकूझी बंधू, ज्यांचें नांव आज न्हाणीघरांतील टबाला चिकटलें आहे, तेही पंपवालेच. आपल्या किर्लोस्कर बंधूंनीं १९२६ सालीं पंप करण्यास आरंभ केला. त्यांना होडी सुचली नाहीं, आणि सुचण्याचें कारणही नव्हतें.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, अल्पपरिचित नौकेचें भवितव्य कारखान्याच्या नांवावर कमी आणि आपल्या पंप-मिस्त्रीवर अधिक अवलंबून आहे. कॅनडाच्या एका कंपनीनें सी-डू नांवाच्या लहान जेट-नौका २०१२ सालीं बंद केल्या. ते मालक अगदींच उघड्यावर पडले नाहींत. कारण त्याच नांवाचे पाण्यावरचे स्कूटर कंपनी पुढेंही करीत राहिली, आणि झिजणारे पुष्कळ भाग दोहोंचे जवळचे होते. तेव्हां कारखाना जिवंत आहे काय, हा खरा प्रश्न नव्हे. झिजणारा भाग कोणाकोणाला करतां येतो, हा खरा प्रश्न आहे.

झिजतें काय? प्रथम इंपेलरभोवतालची वेअर रिंग. इंपेलरचें टोक आणि ही रिंग यांच्यामध्यें लहान नौकेंत एक मिलिमीटराहूनही कमी फट असावी लागते. काळ्या मातीचा गाळ आणि वाळू ही फट दरसाल रुंदावतात. मग इंजिन ओरडतें, नौका मात्र सुस्तावते; शेतकऱ्याच्या भाषेंत, पंप पाणी सोडूं लागतो. अशा वेळीं इंजिनाला दोष देऊन कार्ब्युरेटर उघडणारे मिस्त्री पुष्कळ. फीलर गेज घेऊन फट मोजणारा विरळा. दुसरी गोष्ट हवेची. आपल्याकडे ज्याला बेधडक ‘फुटबॉल’ म्हणतात, त्या फूट व्हॉल्व्हाच्या वरच्या सांध्यांतून हवा शिरली कीं पंप उतरतो. येथेंही तळाच्या सांध्याचें पॅकिंग सुटलें, कीं झोताचा जोर तसाच जातो.

रिंग लेथवर करतां येते. बेअरिंगावर आंकडा कोरलेला असतो. तो आंकडा सोलापुरांत दाखविला तर बहुधा तेंच बेअरिंग मिळतें, मग नौका इटलीची असो वा स्वीडनची. सीलचेंही तसेंच. इंपेलर आणि मागची झडप मात्र ओतकामाचीं, वळणाचीं कामें; तीं येथें सहसा साधत नाहींत. म्हणून सौदा ठरवितांनाच एक जादा इंपेलर मागून घ्यावा, आणि तो मिळत नसेल तर नौका कितीही स्वस्त असो, ती सोडून द्यावी. ज्या नौकेची रिंग वेगळी निघत नाहीं, घराबरोबरच ओतलेली असते, तीही घेऊं नये. आणखी एक काम पहिल्याच दिवशीं करावें: पंप नवा असतांना सारीं मापें घेऊन वहींत उतरावीं. झिजलेल्या रिंगेवरून नवी रिंग करणें म्हणजे फाटक्या सदऱ्यावरून माप घेणें होय.

पुराच्या कामाविषयीं मात्र मला थोडें कटु बोलावें लागेल. विक्रेते जेट-नौकेला बचावाची राणी म्हणतात. आपला पूर सप्टेंबरांत येतो, म्हणजे सोयाबीन काढणीच्या तोंडावर. पाण्याबरोबर भुसकट, कडबा, तुराट्या, ठिबकाच्या नळ्या, सारें वाहत येतें. हें सारें तळाच्या जाळीवर जाऊन बसतें. बाहेरच्या पंख्याचें इंजिन वर उचलून हातानें मोकळें करतां येतें. जेटचें तोंड तळाखालीं असतें. ज्या पंपाला आंतून, पाण्याच्या पातळीच्या वर, उघडतां येणारें झांकण आहे, तोच पंप आपल्या कामाचा. कांहीं मोठ्या कारखान्यांच्या पंपांना जाळी खरवडणारा दांता असतो. लहान कारखान्यांत तो विचारून घ्यावा. बुडणाऱ्याला फेकलेला दोर सैल राहिला तर तो ओढला जातो. साडीचा पदर आणि मोकळे केसही. म्हणून माणूस वर घेतांना झोत उलटविण्यावर भरंवसा न ठेवतां इंजिन बंद करावें, आणि चालूं करण्यापूर्वीं किल्ली हातांत धरणाऱ्यानें मागें वळून पाहावें.

उरलेले आठ-नऊ महिने नौका कोरड्यावर उभी राहणार. धनी गाफील राहतो तो ह्याच काळांत. टाकींतलें पेट्रोल चिकट होतें, बेअरिंगांत गंज धरतो, उंदीर तारा कुरतडतात. महिन्यांतून एकदां शाफ्ट हातानें फिरवावा. इंजिन चालवून पाहण्याचा मोह होतो. पण ज्या पंपांत रबरी बेअरिंग पाण्यानेंच ओलें राहतें, तो कोरडा चालविला तर विहिरींतल्या पाणबुडी पंपाप्रमाणेंच जळतो. ॲल्युमिनियमचें घर गंजापासून वाचविण्याकरितां धातूचा एक ठोकळा बसवितात. समुद्रांत तो जस्ताचा चालतो, आपल्या गोड्या पाण्यांत मॅग्नेशियमचा बरा. कागदपत्रांपुरतें इतकेंच, कीं यांत्रिक नौकेला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाखालीं तपासणी आणि नोंदणी लागते. दूरच्या कारखान्याकडून पंप व इंजिन यांचे क्रमांक लेखी घेतल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

आतां चालकाविषयीं. जेट-नौकेला वेगळें सुकाणू नसतें. झोत हेंच सुकाणू. जोर काढला कीं वळण्याची शक्तिही गेली. मोटारीच्या चाकावर हात बसलेला माणूस पुढें अडथळा दिसतांच पाय काढतो. येथें तसें केलें तर नौका सरळ त्या बाभळीवर जाते. म्हणून उन्हाळा लागण्याआधीं, जलाशयांत पाणी असतांना, रिकामीं पिंपें नांगरून त्यांच्यामधून सराव करावा, आणि पिंप समोर येतांच जोर कायम ठेवून वळण्याची संवय चालकाच्या हाताला लागेपर्यंत त्या नौकेंत दुसरें माणूस बसवूं नये.