व्यसनाचा भार कुटुंबावर
(म्हैसूर येथील व्याख्यानातील अंश)

कर्नाटकात १ जुलै २००७ पासून अरकविक्री बंद झाली. परंतु व्यसनाधीन व्यक्तीची मागणी अलवचीक असते. स्वस्त दारू गेली की ती महागड्या दारूकडे वळते आणि वाढीव खर्चाची तोंडमिळवणी घरातील धान्य व मुलांची फी यांतून होते. ही काटकसर बहुधा पत्नीच करते; राष्ट्रीय उत्पन्नात मात्र दारूचा खपच तेवढा जमेस धरला जातो!

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्रीय सर्वेक्षणानुसार सुमारे ५.७ कोटी मद्यपींना मदतीची गरज आहे. त्यांचे कुटुंबीय या आकड्यात नाहीत. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये (स्थापना १९८६) रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. माझ्या मते, पती उपचारास तयार नसला तरी पत्नीला समुपदेशन व रोजगारसाहाय्य स्वतंत्रपणे मिळावे.