रॅम्पच्या मागील बाजूस



फॅशन शो म्हटला की डोळ्यांसमोर उभा राहतो तो प्रकाशाचा झोत, संगीताचा ठेका आणि त्या ठेक्यावर पावले टाकीत येणाऱ्या मॉडेलचा रुबाब. प्रेक्षकाचे सारे लक्ष त्या पंचवीस-तीस पावलांच्या वाटेवर खिळलेले असते. त्या वाटेच्या पाठीमागे, एका काळ्या पडद्यापलीकडे, किती माणसे एकाच वेळी राबत असतात, याची कल्पना फारच थोड्यांना असते. या माणसांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा भरणा मोठा असतो आणि त्यांपैकी बहुतेकजण ‘स्वयंसेवक’ या नावाने तेथे आलेले असतात. आजचे विवेचन त्यांच्याविषयी आहे.

वसई-विरारच्या मुलामुलींना हे क्षेत्र परके वाटण्याचे कारण नाही. हा परिसर पोशाखांच्या बाबतीत मुळातच संपन्न होय. वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी, वारली अशा अनेक समाजांची वेशभूषा येथे अगदी जवळजवळ नांदत आली आहे. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून पारंपरिक वेशभूषांचे जे कार्यक्रम होतात, त्यांतच पडद्यामागील कामाचा पहिला धडा अनेकांना मिळतो. कोणाचा पदर नीट बसला नाही, कोणाच्या चोळीचे टिचबटण तुटले, कोणी अंबाड्याची फुले घरीच विसरले, तर धावपळ करून वेळ निभावून नेणारी एखादी मुलगी प्रत्येक वर्गात असतेच. तिला टाळ्या मिळत नाहीत. परंतु तिच्यावाचून कार्यक्रम पार पडत नाही.

अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. विरारहून ती रोज गाडीने सांताक्रूझला येते आणि जुहूच्या एखाद्या संस्थेत वस्त्रविद्येचा अभ्यास करते. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचा जुहू येथील परिसर तिच्यासारख्या अनेकींना परिचित आहे. तिच्या वर्गात एके दिवशी सूचना येते, की मोठ्या फॅशन शोसाठी स्वयंसेवक हवे आहेत. भारतात अशा फॅशन सप्ताहांची परंपरा फार जुनी नाही. फॅशन डिझाइन कौन्सिल ऑफ इंडिया ही वेशभूषाकारांची संस्था १९९८ साली स्थापन झाली आणि ऑगस्ट २००० मध्ये दिल्लीत पहिला सप्ताह भरला. २००६ पासून मुंबईला तिचा स्वतंत्र सप्ताह लाभला. एवढ्या अल्पावधीत या व्यवसायाने आपली एक शिस्त निर्माण केली आहे आणि ती शिस्त पुस्तकातून शिकता येत नाही.

प्रथम तिला दिसतो तो कपड्यांचा रॅक. प्रत्येक मॉडेलसाठी स्वतंत्र रॅक, त्यावर तिचे नाव, आणि ज्या क्रमाने कपडे अंगावर चढणार त्याच क्रमाने टांगलेले पोशाख. प्रत्येक पोशाखाला क्रमांक असतो. शेजारी त्याच पोशाखातील मॉडेलचे छायाचित्र चिकटविलेले असते, म्हणजे पदर डाव्या खांद्यावर की उजव्या, बाह्या दुमडलेल्या की सोडलेल्या, असा प्रश्नच उरू नये. खाली पादत्राणे मांडलेली. त्यांच्या तळव्यांना चिकटपट्टी लावलेली. पादत्राणे पुष्कळदा दुकानांतून तात्पुरती आणलेली असतात व ती डागाविना परत करावयाची असतात. दागिन्यांच्या लहान पिशव्यांवरही तेच क्रमांक घातलेले असतात. विद्यार्थिनीचे काम येथून सुरू होते. वाफेच्या इस्त्रीने चुण्या काढणे, लोंबणारे धागे कापणे, बटणे व हूक आधीच उघडून ठेवणे, आणि या सर्वांची यादीशी पुन्हापुन्हा पडताळणी करणे. दुपारी सुरू झालेले हे काम सायंकाळपर्यंत चालते. प्रत्यक्ष शो मात्र पंधरा-वीस मिनिटांत संपतो.

त्या पंधरा-वीस मिनिटांतच खरी कसोटी लागते. मॉडेल एक फेरी पूर्ण करून आत येते आणि काही वेळा अवघ्या दीड-दोन मिनिटांत दुसऱ्या पोशाखात तिला पुन्हा रांगेत उभे राहावयाचे असते. एकजण मागची चेन खाली ओढते, दुसरी पायांतील पादत्राणे काढून नवी चढविते, तिसरी दागिन्यांची पिशवी उघडून उभी असते. वस्त्र डोक्यावरून घालावयाचे असेल, तर चेहऱ्यावर क्षणभर पातळ रुमाल धरावा लागतो. अन्यथा रंगभूषेचा डाग वस्त्राला लागतो आणि महिन्यांची मेहनत वाया जाते. या सर्व घाईत मोठ्याने बोलावयाचे नाही, मॉडेलला ओढावयाचे नाही, आणि छायाचित्र तर मुळीच घ्यावयाचे नाही. पडद्याआड माणसे कपडे बदलीत असतात. त्यांच्या लज्जेचे रक्षण हा त्या कामाचा पहिला नियम आहे, आणि ज्या मुलांना तो सांगावा लागतो, त्यांना दुसऱ्या दिवशी सहसा बोलाविले जात नाही.

शो संपल्यावर प्रेक्षक उठून जातात, तेव्हा या मुलांच्या कामाचा तिसरा भाग सुरू होतो. प्रत्येक वस्त्र पुन्हा त्याच क्रमाने टांगावयाचे, प्रत्येक कर्णभूषण मोजून सही घेऊन परत द्यावयाचे. एखाद्या कानातल्याची जोडी पुरी होत नसेल, तर ती सापडेपर्यंत कोणी हलत नाही. घड्याळाचे काटे मात्र पुढे सरकत राहतात.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. मराठी संगीत रंगभूमीवर रंगपट हा शब्द रूढ आहे, आणि रंगपटातील माणसे नेमकी हेच करीत आली आहेत. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांचे शालू, पैठण्या व दागिने हा रसिकांच्या कौतुकाचा विषय होता. त्या जड वस्त्रांच्या निऱ्या दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात कोणीतरी बसवीत होते, दागिन्यांचा हिशोब कोणीतरी ठेवीत होते. त्या माणसांची नावे मात्र रसिकांच्या स्मरणात राहिली नाहीत.

पडद्यामागूनच पुढे आलेले एक मोठे नाव या संदर्भात घेतले पाहिजे. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैया मुंबईत सर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकल्या आणि ‘ईव्हज वीकली’ या साप्ताहिकासाठी वेशभूषेची रेखाचित्रे काढू लागल्या. त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दालन उघडले, तेव्हा कागदावरील रेखाटने कापडात उतरविण्याची संधी त्यांना मिळाली. कागद आणि कापड यांतील अंतर तेथे कळले. पुढे चित्रपटसृष्टीत त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा बहुमान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. त्यांच्या उदाहरणावरून प्रत्येक स्वयंसेविकेने ऑस्करचे स्वप्न पाहावे, असे सुचवावयाचे नाही. वस्त्र हाताळल्यावाचून वस्त्र कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वसईच्या मुलीकडे या बाबतीत एक शिदोरी आधीपासूनच असते. नऊवार म्हणजे सुमारे आठ मीटर लांबीचे वस्त्र कोठेही न शिवता, केवळ निऱ्या, ओचा व काष्टा यांच्या आधारे अंगावर बसविणे ही विद्या तिने आजीकडून पाहिलेली असते. फॅशन शोच्या मागे साडी नेसविणे हे सर्वांत वेळखाऊ काम मानले जाते. वेळ वाचविण्यासाठी निऱ्या आधीच धावदोऱ्याने बांधून ठेवतात आणि पदर सेफ्टीपिनांनी अडकवितात. ज्या मुलीला पिनांवाचून लुगडे नेसविता येते, तिचे मोल तेथे तात्काळ ओळखले जाते. हे ज्ञान घरातले म्हणून तिने ते कमी लेखू नये.

गोव्याचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी कुणबी स्त्रियांचे चौकटीचे लुगडे पुन्हा हातमागावर विणवून घेतले आणि २०१० च्या सुमारास ते दिल्लीच्या मंचावर आणले. गोव्याच्या पोशाखांचा इतिहास सांगणारा ‘मोडा गोवा’ हा त्यांचा ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध झाला. वसईही १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होती, आणि येथील सामवेदी ख्रिस्ती समाजातील वृद्ध स्त्रियांच्या अंगावर लाल लुगडे आजही दिसते. त्या लुगड्याचे सूत, त्याच्या चौकटी, नेसण्याची तऱ्हा आणि त्यासोबतचे दागिने यांची काळजीपूर्वक नोंद कोणी विद्यार्थिनीने केली, तर ते तिच्या अभ्यासक्रमातील कोणत्याही प्रकल्पाहून अधिक उपयोगाचे ठरेल. ती नोंद करण्यास मुंबईला जावे लागत नाही. ज्या आजी ते नेसतात, त्या शेजारच्याच आळीत राहतात आणि दरवर्षी त्यांची संख्या घटत आहे.

आता ज्या प्रश्नावर फारसे कोणी बोलत नाही, त्याकडे वळणे भाग आहे. स्वयंसेवक या शब्दाला आपल्याकडे एक सात्त्विक वलय आहे. पूर आला, यात्रा भरली, शिबिर झाले, की तरुण मुले धावून जातात आणि मोबदल्याची अपेक्षा करीत नाहीत. ते योग्यच होय. फॅशन शो हा मात्र व्यवसाय आहे. तेथे प्रकाशयोजना करणाऱ्याला पैसे मिळतात, मंडप उभारणाऱ्याला मिळतात, मग दहा-दहा तास उभे राहून वस्त्रे सांभाळणाऱ्या मुलीला केवळ प्रमाणपत्र व एक वेळचे जेवण का मिळावे? शिकावयास मिळते, हे उत्तर काही अंशी खरे आहे. पहिल्या वेळी ते पुरते. चौथ्या वेळीही तेच उत्तर मिळत असेल, तर तेथे शिक्षण संपून फुकटची मजुरी सुरू झाली, असेच म्हणावे लागेल.

याहून निकडीचा प्रश्न रात्रीचा आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील सभागृहातून शो आटोपून बाहेर पडावयाचे, वांद्रे स्थानक गाठावयाचे आणि तेथून विरारपर्यंत सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा प्रवास करावयाचा. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची गाडी सुरू केली आणि पुढे ती विरारपर्यंत नेली. दिवसाच्या गर्दीत तिने मोठी सोय केली. रात्री साडेअकरानंतर विरारला उतरून पुढे रिक्षा शोधणाऱ्या मुलीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. घरचे लोक तिला दुसऱ्यांदा जाऊ देत नाहीत, त्याचे कारण पुष्कळदा फॅशन शो हे नसते, ती परतीची वाट असते.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे विद्यार्थिनींनी व त्यांच्या पालकांनी जाणून घ्यावे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ असे सांगतो, की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कामगाराकडून काम घ्यावयाचे, तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची तरतूद हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचविण्याची वाहनव्यवस्था हवी. ही तरतूद मोबदल्यावर काम करणाऱ्या कामगारासाठी आहे. स्वयंसेविका म्हणून नाव नोंदविलेल्या मुलीला तिचा आधार मागता येईलच, असे नाही. एका शब्दाने पडणारा हा फरक लहान नव्हे.

याउलट, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा केंद्रीय कायदा तिला स्पष्टपणे आपल्या कक्षेत घेतो. त्या कायद्यातील कर्मचारी या शब्दाच्या व्याख्येत विनावेतन व स्वेच्छेने काम करणारी व्यक्ती, तसेच प्रशिक्षणार्थी, यांचा समावेश आहे. मालकाने पुरविलेले वाहनदेखील त्या कायद्याने कामाचे ठिकाण मानले आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि जेथे ती नाही तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. ‘तू आमची नोकरदार नाहीस’ असे कोणी म्हणाले, तर ते उत्तर कायद्यापुढे टिकणारे नाही.

पदवी अभ्यासक्रमांत आता प्रत्यक्ष कार्यानुभवाला श्रेयांक मिळू लागले आहेत आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका श्रेयांकास तीस तासांचे काम धरले जाते. तेव्हा प्रमाणपत्रावर केवळ ‘सहभाग’ असा शब्द न घेता कामाचे स्वरूप व तास लिहून घेतलेले बरे. ज्यांना नियमित प्रशिक्षण हवे, त्यांच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिवणतंत्र व फॅशन तंत्रज्ञानाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतील औद्योगिक गाळ्यांतून कापड बेतण्यापासून शेवटच्या गुंडीपर्यंतचे काम जवळून पाहता येण्यासारखे आहे. तेथील कारागिराशी तासभर बोलल्यास फॅशन शोच्या रॅकवरील वस्त्राची किंमत वेगळ्या नजरेने दिसू लागते.

नाव नोंदविण्यापूर्वी आयोजकांना चार प्रश्न विचारावेत, तेही लेखी. काम किती वाजता सुटणार, जेवणाची व प्रवासखर्चाची व्यवस्था काय, प्रमाणपत्रावर काय लिहिले जाणार, आणि रात्री उशीर झाल्यास वसई-विरारच्या मुलींना घरी कोण पोहोचविणार. महाविद्यालयातून पाच-सहाजणी जात असतील, तर प्राध्यापकांमार्फत एकत्रितपणे हे प्रश्न पाठविणे अधिक श्रेयस्कर. शोची नेसवण, दागिन्यांची मोजणी आणि रॅकची बांधणी ज्यांच्या हातांवर अवलंबून आहे, त्यांच्या पत्राला उत्तर देणे आयोजकांना टाळता येत नाही. आणि विरारला जाणारी एक गाडी पाच-सहाजणींसाठी ठरविण्याचा खर्च, त्या सायंकाळच्या एकूण खर्चाच्या मानाने, मंचावरील फुलांच्या सजावटीहूनही कमीच असतो.