यंत्राबरोबर त्याची देखरेखही





टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९६६ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये सुरुवात केली ती मशीन टूल विभागाने. वाहने नंतर आली. यंत्रे घडवण्याची ती परंपरा भोसरीच्या एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन) उत्पादकांनी जिवंत ठेवली आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आज प्रत्येक मोठ्या यंत्राच्या पॅनेलमध्ये संगणक असतो. कॅमेऱ्याने तपासणी, टॉर्कची नोंद, सगळे त्याच्यावर. तो अडकला की ग्राहकाची लाइन थांबते. आपला सर्व्हिस इंजिनिअर रात्रीच्या बसने होसूर नाहीतर साणंद गाठतो, आणि पाहतो तर पंखा जाम झालेला असतो!

यावर उपाय नवा नाही. सर्व्हरच्या बोर्डावर बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर) हा स्वतंत्र छोटा कंट्रोलर असतो. मुख्य प्रोसेसर बंद असला तरी तो स्टँडबाय वीजपुरवठ्यावर जागा राहतो; तापमान, व्होल्टेज, पंख्याची गती नोंदवतो आणि दुरून संगणक पुन्हा सुरू करू देतो. त्यासाठीचे आयपीएमआय मानक १९९८ चे, रेडफिश २०१५ चे. मग आपल्या पॅनेलमध्ये तो क्वचितच का दिसतो? कारण खरेदीच्या ऑर्डरीत आपण प्रोसेसर, मेमरी आणि किंमत एवढेच लिहितो. यंत्राचे ड्रॉइंग होतानाच ही देखरेख स्पेसिफिकेशनमध्ये यायला हवी, असा माझा आग्रह आहे.

मात्र जो कंट्रोलर दुरून संगणक चालू करतो, तो बंदही करू शकतो. म्हणून त्याचे नेटवर्क वेगळे ठेवा, कारखान्यातून आलेला पासवर्ड डिस्पॅचपूर्वीच बदला. आपले यंत्र ग्राहकाकडे पंधरा-वीस वर्षे राबते. बोर्डाचे मॉडेल मात्र त्याच्या कितीतरी आधी बाजारातून जाते. फर्मवेअरची दुरुस्ती किती वर्षे मिळेल आणि पर्यायी बोर्ड त्याच जागेत बसेल का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

आपल्या पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने 'रुद्र' सर्व्हर देशातच विकसित केला. त्यावर उभारलेले परम रुद्र महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी देशाला अर्पण झाले, त्यांतला एक पुण्यात आहे. सर्व्हरचे हे ज्ञान इतक्या जवळ असताना चाकण-भोसरीच्या पॅनेलसाठी मजबूत, धूळ आणि उष्णता सोसणारा बोर्ड इथेच का घडू नये?

बोर्ड घडवणारे आणि यंत्र बांधणारे आज या परिषदेत एकाच सभागृहात आहेत. दुपारच्या सत्रात आपापल्या अडचणी आकडे आणि ड्रॉइंगसह मांडा, ही विनंती.