आधी कागद, मग कॅमेरा



खाद्यपदार्थ आणि उत्पादनांचे छायाचित्रण करणाऱ्यांच्या या संमेलनाला तुम्ही सांगलीतली अध्यक्ष निवडलीत, याचे मला मनापासून अप्रूप आहे. घराच्या माडीवर उत्तरेकडे खिडकी असलेली एक खोली आहे, तीच बावीस वर्षे माझा स्टुडिओ. माझ्या पार्ट्या म्हणजे हळद दळणारे, तासगावकडचे बेदाणावाले, लोणची-मसाले करणारे बचत गट आणि अलीकडे हॉटेलवाले. मी कधी कोणाच्या पगारावर नव्हते. कॅमेरा आपला, कर्ज आपले, आजारी पडलो तर बुडालेला दिवसही आपला, अशा रीतीने हा धंदा करणाऱ्यांसाठीच आज मला बोलायचे आहे.

आधी कामाबद्दल बोलते.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली हळद साठवत आलेले हे गाव. इथल्या माणसाला हळदीचा रंग डोळे मिटूनही कळतो. तो रंग कॅमेऱ्यात आणणे मात्र फार कठीण. हळकुंड सोपे असते, त्याला सुरकुत्या असतात, सावली असते. पावडरीचा ढीग समोर ठेवला आणि सरळ उजेड टाकला की तिचे कण दिसेनासे होतात आणि नुसता पिवळा डाग उरतो. म्हणून दिवा बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीला आणावा लागतो, तेव्हा कणाकणाची सावली पडते. मग शेजारचा पांढरा चमचा हळदीचा पिवळेपणा उचलतो. पडद्यावर चमचा पांढरा करायला जावे, तर हळद फिकी पडते. उपाय साधा आहे. काळ्या कागदाची दोन बोटे रुंदीची पट्टी चमचा आणि ढीग यांच्या मधे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी उभी करायची. ती पट्टी नेमकी कुठे ठेवायची हे शोधण्यात मागच्या महिन्यात माझे पाऊण तास गेले. त्यानंतर छपाईचा नमुना आला, त्यात पिवळ्यात हिरवट झाक होती. पुन्हा प्रेसवर जाऊन बसले.

मिसळीचे काम याच्या अगदी उलट, सगळे धावपळीचे. तर्री ओतल्यापासून फरसाण मऊ पडेपर्यंत हातात दोन-तीन मिनिटे असतात. म्हणून उजेड आधी दुसऱ्याच वाटीवर लावून ठेवायचा. त्याच मापाच्या वाटीत लाल रंगाचे पाणी घालून तिच्यावर सॉफ्टबॉक्स, थर्माकोल, फोकस सगळे पक्के करायचे. कोथिंबीर बर्फाच्या पाण्यात, लिंबू शेवटच्या क्षणी चिरायचे. खरी वाटी आली की त्याच खुणेवर ठेवायची आणि सात-आठ क्लिकमध्ये काम उरकायचे. हॉटेलमालक बाजूला उभे राहून ते बघतात आणि म्हणतात, "झाले? दोन मिनिटांचेच काम होते की!"

मित्रहो, आपल्या सगळ्या आर्थिक दुखण्याचे मूळ या वाक्यात आहे. आपले काम जितके चांगले होते तितके ते दिसेनासे होते. उजेड ओळखू येऊ नये, काळी पट्टी दिसू नये, तासाभराची तयारी कळू नये, यातच आपले कौशल्य. मग पार्टी फोनवर विचारते, "एका फोटोचे किती?" आणि आपण एक आकडा सांगून टाकतो. त्या आकड्यात तयारी नसते, प्रॉप्सचे भाडे नसते, रिटचिंगच्या रात्री नसतात. आणि तो फोटो कुठे, किती वर्षे वापरला जाणार, हे तर कधीच नसते.

माझाच अनुभव सांगते. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मसाल्याच्या पाकिटासाठी मी कांदा-लसूण चटणीचा फोटो काढून दिला. सगळे बोलणे तोंडी झाले होते. दोन वर्षांनी तोच फोटो मी पुण्याला जाताना हायवेवरच्या होर्डिंगवर पाहिला, मग टेम्पोवर, मग दुसऱ्याच नावाच्या बरणीवर. मी भांडायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "फोटो आमचा आहे, आम्ही पैसे दिलेत." वकिलांकडे गेले, तर त्यांनी कायद्याचे पान उघडून दाखवले. ते लोक बरोबर होते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक तो मोबदला देणाराच, उलट करार नसेल तर. 'उलट करार नसेल तर' हे चार शब्द मला तेव्हा माहीत असते, तर ते होर्डिंग पाहून मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडले नसते.

माझे आजचे मागणे या चार शब्दांवर उभे आहे. कॅमेऱ्याची पिशवी उघडण्याआधी एक पानभर लिखापढी करा. किती फोटो, कशासाठी, किती काळ, कोणत्या भागात, आणि पाकिटाचा फोटो होर्डिंगवर गेला तर वेगळे किती. करून दिलेल्या कामावर आपले नाव सांगण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे मालकी गेली तरी आपल्याकडे राहतो; पण नाव सांगून घरचा किराणा येत नाही, तो वापराच्या पैशातून येतो.

पैशाचा दुसरा प्रश्न थकबाकीचा. 'पुढच्या सोमवारी' हे शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेत. आपल्यातल्या फार थोड्यांनी उद्यम नोंदणी केली आहे, याचे मला वाईट वाटते. ही नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन होते आणि काम हाती घेण्याआधी ती झालेली असावी. अशी नोंदणी असलेल्यासाठी २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी मुदत ठरलेली असली तरी ती ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही, आणि काही ठरलेलेच नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर असे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच आयकरात दाखवता येतो. या तरतुदींची एक ओळ बिलाखाली छापायला लागल्यापासून माझी वसुली खूप सुधारली. व्याज मी कोणाकडून घेतलेले नाही. ओळ वाचूनच लोक पैसे पाठवतात.

आता आपल्या बाजूच्या जबाबदारीचे बोलायला हवे, कारण हक्काचा कागद मागणाऱ्याचा माल चोख असावा लागतो.

छायाचित्रणाच्या अगदी आरंभी, १८४४ साली, टॅल्बट या इंग्रज छायाचित्रकाराने आपल्या 'पेन्सिल ऑफ नेचर' या पुस्तकात चिनी मातीच्या भांड्यांनी भरलेल्या फळ्यांचे चित्र दिले. त्याने सोबत लिहिले होते की या वस्तू चोरीला गेल्या तर हे चित्र न्यायालयात चोराविरुद्ध मुकी साक्ष देईल. आपण ज्याला आज प्रॉडक्ट फोटो म्हणतो त्याच्या जन्माच्या वेळीच त्याला साक्षीदार म्हटले गेले, हे मला फार मोलाचे वाटते. साक्षीदार फुटलेलेही आहेत. अमेरिकेत कॅम्बेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर येऊन सूप भरगच्च दिसावे. तिथल्या व्यापार आयोगाने त्याविरुद्ध कारवाई हाती घेतली. आपल्याकडे २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो नुसत्या मालकापुरता नाही. प्रसिद्धीत सहभागी असणाऱ्यालाही लागू होऊ शकतो.

मी बर्फाच्या पाण्यातली कोथिंबीर वापरते, हे आताच सांगितले. उजेड लावण्यासाठी लाल पाण्याची वाटी वापरते. पण फोटोत येते ती मिसळ त्याच भटारखान्यातली असते आणि शूट संपल्यावर आम्ही ती खातो. बरणीत जितक्या फोडी निघतात तितक्याच मी दाखवते. एका लोणचेवाल्या काकूंनी मला एकदा विचारले, "ताई, फोडी थोड्या जास्त दिसतील का?" मी त्यांना म्हटले, "काकू, बरणीत जास्त घाला, मी जास्त दाखवते." त्यांनी खरेच घातल्या. आजही त्यांचे काम माझ्याकडे आहे.

याच कारणाने संगणकाने बनवलेल्या चित्रांना मी घाबरत नाही, पण त्यांच्याबाबत माझा आग्रह कडक आहे. मागची भिंत, लाकडी फळी, खिडकीतला उजेड त्याने बनवला तर माझी हरकत नाही. जो घास गिऱ्हाईक विकत घेणार, तो मात्र कोणीतरी रांधलेला आणि कोणीतरी समोर बसून टिपलेला हवा.

नव्याने या धंद्यात आलेल्यांना 'आधी एक काम फुकट करून दाखवा' असे सर्रास सांगितले जाते. त्यांना मी दादासाहेब फाळक्यांची आठवण करून देते. फाळके काही काळ गोध्र्यात फोटोग्राफर होते. १९१२ साली सिनेमासाठी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून दिवसेंदिवस एकेक फ्रेम घेत त्या रोपाची वाढ टिपली. नमुना त्यांनी दिला, पण तो स्वतःच्या कुंडीतला, स्वतःच्या मालकीचा. तुम्हीही घरच्या ताटाचा, आजीच्या पितळी डब्याचा नमुना करा आणि तो दाखवा. पार्टीच्या मालाचा पहिला फोटोसुद्धा पैसे घेऊनच काढा.

मी येताना एका पानाचा कराराचा मसुदा मराठीत लिहून आणला आहे. वकिलांकडून तपासून घेतलाय, तरी तो पक्का नाही. जेवणानंतर प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर त्याच्या प्रती असतील, पेनेही ठेवली आहेत. 'वापराचा काळ' या रकान्यात मी दोन वर्षे लिहिले आहे. कोल्हापूरच्या आणि नाशिकच्या मंडळींना ते कमी वाटेल, बचत गटांबरोबर काम करणाऱ्यांना कदाचित जास्त. तिथेच खाडाखोड करा, बाजूला आपला आकडा लिहा. संध्याकाळच्या सत्रात आपण तो रकाना भरू.