बाईंनी सांगितलं म्हणून...

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. बाईंच्या विनंतीवरून गावाचे, कंपनीचे आणि कोणाही ताईचे नाव दिलेले नाही.)

 

अध्यक्षताईंनी मला विषय दिला होता, ‘निवृत्तीनंतरचा वेळ’. मी त्यांना म्हटलं, विषय तोच घेते, पण जे झालं ते सांगते. तुम्ही म्हणाल बाई आज शिकवायला उभ्या राहिल्या. नाही. आज बाई चूक कबूल करायला उभ्या आहेत.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवलं. इथे बसलेल्यांपैकी निदान आठ-दहा जणी माझ्या हाताखाली बाराखडी गिरवलेल्या आहेत. निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात तालुक्याच्या गावाहून एक जुन्या ओळखीच्या शिक्षिका घरी आल्या. सोबत एक नीटनेटक्या ताई. चहा झाला, मुलांची चौकशी झाली. मग त्या ताईंनी पिशवीतून साबण, शाम्पू, क्रीम, टूथपेस्ट आणि ताकदीच्या पावडरीचा डबा काढून टेबलावर मांडला. म्हणाल्या, “बाई, तुम्हाला विकायचं काहीच नाही. तुम्ही फक्त सांगायचं. आमच्याकडे विक्रेती नसते, सल्लागार असते.”

सल्लागार हा शब्द मला आवडला, खोटं कशाला बोलू? निवृत्तीनंतर घरात कुणी काही विचारत नव्हतं. इथे एक कंपनी म्हणत होती, तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवीत.

शिक्षिकाच का हव्या असतात, हे मला पुढे कळलं. शिक्षिकेला चार माणसांत बोलायची सवय असते. गावातलं प्रत्येक घर तिला माहीत असतं. संध्याकाळी आणि सुट्टीत तिच्याकडे वेळ असतो. दरमहा पगार किंवा पेन्शन येते, म्हणजे पहिला माल घ्यायला पैसे असतात. आणि पाचवं, सगळ्यात मोठं: बाई सांगतात ते लोक खरं धरतात. अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटाच्या अध्यक्ष यांच्याकडेही या कंपन्या याच कारणाने जातात. आपण वीस-तीस वर्षांत जी पत कमावली, ती त्यांना आयती मिळते.

मी साडेनऊ हजारांचा पहिला संच घेतला. मग शहरात हॉटेलच्या हॉलमध्ये सभा झाली. पडद्यावर चित्रं, टाळ्या, कुणाला चांदीचं पद, कुणाला सोन्याचं. एक गृहस्थ म्हणाले, प्रत्येकाने फक्त सहा जण जोडा. मी सहा जणी जोडल्या. चार जणी आपल्या बचत गटांतल्या, दोन नोकरीतल्या शिक्षिका. त्या दोघींनी नवऱ्याच्या नावाने नाव नोंदवलं.

चौघींपैकी एक माझी विद्यार्थिनी. तिच्याकडे पैसे नव्हते. तिने गटातून दहा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. गटात विचारलं असतं कशासाठी, तर साबण-पावडरीसाठी कुणी दिलं नसतं. ती मला विचारायला आली, “बाई, काय लिहू?” मी म्हटलं, “शेळी लिही. सहा महिन्यांत पैसे फिरतील, मग कोण विचारतंय?”

तायांनो, या एका वाक्यासाठी मी आज इथे उभी आहे. जिला मी हात धरून लिहायला शिकवलं, तिला कर्ज रजिस्टरमध्ये खोटं लिहायला मीच लावलं. आपण दशसूत्री म्हणतो, त्यात नियमित लेखे हे सूत्र आहे. माझ्यामुळे एका गटाच्या लेख्यात नसलेली शेळी आली.

पुढे काय झालं? माल खपेना. आपल्या दुकानात जो साबण मिळतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट किंमत. पहिल्यांदा लोकांनी माझ्या शब्दाखातर घेतला, दुसऱ्यांदा रस्ता बदलला. पण पद टिकवायला दर महिन्याला दोन हजारांचा माल घ्यावाच लागे. तो माझ्या ट्रंकेत साठत गेला. त्या चौघींच्या घरीही साठत गेला. तिसऱ्या महिन्यापासून माझ्या विद्यार्थिनीचा हप्ता थांबला. गटाच्या बैठकीला ती यायची बंद झाली. सीआरपी ताई घरी गेल्या तेव्हा ती म्हणाली, “बाईंनी सांगितलं म्हणून घेतलं.”

आणखी एक गोष्ट. त्या पावडरीने साखर कमी होते असं सभेत सांगितलं जायचं. मीही तेच पुढे सांगितलं. एका घरी आजींनी साखरेच्या गोळ्या बंद केल्या. आशाताईंच्या वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मी शिकलेली बाई, मला ते माहीत नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नाही.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. आठ महिन्यांचा हिशोब असा निघाला. पहिला संच ९,५०० रुपये. सात महिने दोन-दोन हजारांचा माल, १४,००० रुपये. सभा आणि प्रवास १,८०० रुपये. एकूण खर्च २५,३०० रुपये. कंपनीकडून आणि विक्रीतून मिळाले ११,४०० रुपये. म्हणजे मी १३,९०० रुपयांनी तोट्यात. आणि त्या ११,४०० मध्ये माल विकून मिळालेले फक्त २,३०० होते. उरलेले ९,१०० मी जोडलेल्या बायांनी माल घेतला त्याचं कमिशन. तो माल त्यांच्या पेट्यांत पडून होता. मला कमाई वाटत होती ती त्यांच्या हप्त्याची रक्कम होती.

मग मी दुसरं गणित केलं, जे मी चौथीच्या मुलांना फळ्यावर देऊ शकले असते. एकीने सहा जोडायच्या, सहा जणींनी सहा-सहा, म्हणजे ३६. त्यांनी सहा-सहा, म्हणजे २१६. त्यांनी सहा-सहा, म्हणजे १,२९६. आपलं गाव चारशे घरांचं. चौथ्या पायरीलाच गाव संपतं. शेवटच्या पायरीवरच्या बाईने कुणाला जोडायचं? आणि सगळ्यात जास्त बाया शेवटच्याच पायरीवर असतात. हे गणित मला येत होतं, पण हॉलमध्ये टाळ्या चालू असताना ते मी केलं नाही.

आता कुणी म्हणेल, घरोघरी माल विकणं वाईटच का? नाही, तसं माझं म्हणणं नाही. आपली बांगडीवाली मावशी घरोघरीच विकते. शहरात डब्यांच्या पार्ट्या व्हायच्या, बाया एकत्र बसून डबे बघायच्या आणि घ्यायच्या. थेट विक्री हा धंदा कायद्याने चालतो. पण त्याला नियम आहेत, ते ऐकून ठेवा.

केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम काढले. त्यानुसार विकणाऱ्याचा कंपनीशी आधी लेखी करार हवा. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी विकायला जायचं नाही. कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्याचं नाव-नंबर वेबसाइटवर द्यायचा. नुसती माणसं जोडण्यावर पैसे देणारी साखळी, जिला पिरॅमिड योजना म्हणतात, तिला बंदी आहे. त्याआधी २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही सांगितलं होतं की नाव नोंदवायची फी घ्यायची नाही आणि खपेल त्यापेक्षा जास्त माल गळ्यात मारायचा नाही. शिवाय पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा कायदा आहे. त्यात योजना काढणाराच नव्हे, तर तिच्यात सभासद नोंदवणाराही गुन्हेगार ठरतो. ‘मी फक्त ओळख करून दिली’ असं म्हणून सुटता येत नाही.

नोकरीतल्या शिक्षिकांसाठी वेगळं सांगते. सरकारी नोकराला पूर्वपरवानगीशिवाय व्यापार-धंदा करता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम १९६७ चे. घरच्या माणसाच्या नावावर एजन्सी घेऊन आपण तिचा प्रचार केला, तरी तो नियमभंगच होतो. आणि नियम बाजूला ठेवला तरी, पालक सभेत आलेल्या आईला बाईंनी माल दाखवला, तर ती आई नाही कशी म्हणेल? तिचं लेकरू त्या बाईंच्या वर्गात बसतं.

मी पुढे काय केलं ते सांगून टाकते. कंपनीला लेखी पत्र दिलं, पोच घेतली. उत्तर येईना, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. दोन महिन्यांनी न उघडलेल्या मालाचे पैसे काही कापून परत आले. माझ्या विद्यार्थिनीला ५,४०० रुपये मिळाले. उरलेले ४,६०० आणि गटाचं व्याज मी माझ्या पेन्शनमधून भरलं. बाकीच्या तिघींचंही जमेल तसं केलं. त्या दोन शिक्षिकांपैकी एक अजून माझ्याशी बोलत नाही. तिचा राग बरोबर आहे.

मग मी त्या गटाच्या बैठकीत गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की शेळी लिहायला मी सांगितलं होतं. पोरीची चूक नव्हती. इतिवृत्तात ते लिहून घेतलं, रजिस्टरमध्ये दुरुस्ती केली, सह्या झाल्या. त्या दिवशी मी घरी गेले आणि बऱ्याच महिन्यांनी नीट झोपले.

आता तुमच्या कामाचं. अशी कुणी ताई किंवा दादा घरी आले, तर पाच प्रश्न विचारा. पहिला, लेखी करार मराठीत दाखवता का? दुसरा, नाव नोंदवायला पैसे किंवा दरमहा सक्तीची खरेदी आहे का? तिसरा, न खपलेला माल परत घेता का, किती दिवसांत, किती कापून? चौथा, उद्यापासून एकही नवीन बाई जोडली नाही, तर नुसता माल विकून महिन्याला किती सुटतील? पाचवा, हाच माल तुम्ही ओळख न सांगता बाजारात ठेवला, तर कुणी या किमतीला घेईल का? चौथ्या प्रश्नावर समोरचा माणूस विषय बदलायला लागला, की त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

आणि प्रत्येक गटाने एक ठराव करावा अशी माझी विनंती आहे. कर्ज कशासाठी घेतलं ते महिन्याभरात दोन जणींनी जाऊन बघायचं. शेळी लिहिली तर शेळी दिसली पाहिजे. कुणाच्या संशयासाठी नाही, आपल्याच मैत्रिणीला वेळेत सावरायला. माझ्या विद्यार्थिनीच्या दारात पहिल्याच महिन्यात दोन जणी गेल्या असत्या, तर तिचे पुढचे हप्ते वाचले असते.

शेवटी एक. शिक्षिकांची गरज आपल्यालाही आहे, पण वेगळ्या कामाला. आपल्या पापड, शेवया, मसाला, चटणीच्या पाकिटावर वजन, तारीख, किंमत आणि अन्न नोंदणीचा नंबर बरोबर छापला आहे का, हे बघायला. किलोमागे खरा खर्च किती आणि सुटतात किती, हे मांडायला. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात शहरातल्या गिऱ्हाइकाशी न घाबरता बोलायची तालीम द्यायला. हे काम मी आता दर शनिवारी आपल्या प्रभागसंघात करते, कमिशन न घेता. आणखी तीन निवृत्त शिक्षिका यायला तयार आहेत.

पूर्वी ‘बाईंनी सांगितलं’ म्हटलं की लोक विचारायचे थांबायचे. इथून पुढे मी काही सांगितलं तर आधी विचारा, बाई, हिशोब कुठे आहे? मी वही सोबत आणत जाईन.