माहेर दूर असले तरी

(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, वकील नव्हे. पण बदलीच्या गावी एखाद्या भगिनीला घरात मारहाण झाली, तर तिचे माहेर हजार किलोमीटरवर असते. म्हणून थोडे बोलतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. अर्जासाठी सासरच्या गावी जावे लागत नाही. ती जिथे राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांत लागावी, असे कायदा सांगतो. निकड असेल तर दुसऱ्या बाजूला ऐकण्याआधीच अंतरिम आदेश मिळू शकतो. घर तिच्या नावावर नसले तरी कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. संरक्षण आदेश मोडणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला वकील मोफत मिळतो.

आता शेजाऱ्यांसाठी. संरक्षण अधिकाऱ्याला प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही. लाल सिग्नल पाहून गाडी पुढे नेत नाहीत. भिंतीपलीकडचे रडणे ऐकून ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणू नका. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे, तो लिहून ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!