तीन किलोंचे ओझे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांच्या आज्ञेवरून मी प्रवासाविषयी चार शब्द बोलणार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. परंतु 2024 च्या मे महिन्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, चिरंजीवांच्या आग्रहाने दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात माचू पिच्चूपर्यंत पायी जाण्याचा योग आला.

माचू पिच्चू हे इंका लोकांचे डोंगरमाथ्यावरील नगर. पंधराव्या शतकाच्या मध्यास, सम्राट पाचाकुती याच्या काळी ते उभारले गेले. आगगाडीनेही त्याच्या पायथ्याशी जाता येते. आम्ही मात्र जुन्या दगडी वाटेने सुमारे 43 किलोमीटर चार दिवसांत चाललो. या वाटेवर धर्मशाळा नाही; तीन रात्री नेमून दिलेल्या तळांवर राहुटीत काढाव्या लागतात. राहुट्या, भांडी आणि शिधा हमाल पाठीवरून नेतात. हे बहुतेक क्वेचुआ भाषा बोलणारे डोंगरी शेतकरी असतात.

आरंभीच्या नाक्यावर सर्व ओझ्यांचे वजन होते. पुरुष हमालाच्या पाठीवर 20 किलोंहून अधिक भार देऊ नये, असा कायदा पेरूत 2001 साली झाला. म्हणून प्रत्येकाने आपले सामान 7 किलोंत बसवावे, असे आम्हास बजावले होते. मी मात्र सूनबाईंनी दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा आणि दोन जाड पुस्तके गुपचूप तळाशी घातली होती. काट्याने चोरी उघड केली. तीन किलो अधिक! जन्मभर मुलांना प्रामाणिकपणा शिकविणारा मास्तर परक्यांसमोर पिशवी उपसत उभा राहिला. हमाल हसले नाहीत, रागावलेही नाहीत; तेच मनाला अधिक लागले.

ते तीन किलो मी स्वतःच्या पाठीवर घेतले. दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का ही सुमारे 4,200 मीटर उंचीची खिंड चढावयाची होती. हवा विरळ, दहा पावले टाकावीत आणि थांबावे. तीन किलो म्हणजे काय, हे मला तेथे कळले! आमचे हमाल मात्र राहुट्यांचे गाठोडे घेऊन केव्हाच पुढे निघून गेले. पाकायमायोच्या तळावर मी पोहोचलो, तेव्हा माझी राहुटी उभी होती आणि दाराशी गरम पाणी होते. मी डबा तेथेच सर्वांपुढे उघडला. आम्हांस एकमेकांची भाषा कळत नव्हती. लाडू मात्र कळला.

त्या रात्री थंडीने झोप येईना. मनात आले, इंकांजवळ लोखंड नव्हते, गाडीचे चाक नव्हते, घोडा वा बैल नव्हता. लामा हे जनावर थोडकेच ओझे वाहते. प्रजेने कर श्रमाच्या रूपाने भरावा, अशी त्यांची ‘मिता’ नावाची पद्धत होती. या वाटेची प्रत्येक पायरी कोणाच्या तरी हातांनी बसविलेली आहे.

चौथ्या दिवशी पहाटे सूर्यद्वारातून ते नगर दृष्टीस पडले, तेव्हा डोळे भरून आले. वर्गात मी ‘अमक्या राजाने अमके बांधले’ असे शिकवीत आलो. ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे, हे कळावयास मला इतक्या दूर जावे लागले.

आपल्या मंडळाच्याही सहली निघतात. माझी विनंती एवढीच की, आपली पिशवी दुसऱ्याच्या पाठीवर देण्यापूर्वी प्रत्येकाने ती एकदा स्वतः उचलून पाहावी.